फाटकाजवळची सतरंजी

आजी वलवण गावाला ‘वळवण’च म्हणायची. टाटांनी इथं पाणी वळवलं म्हणून वळवण, हा तिचा ठाम समज. गाव धरणाच्या आधीचं. पण चूक इतकी बेमालूम जुळलेली, की ती सुधारायला कुणाची जीभ उचलत नसे.

वलवणच्या धरणाच्या पायथ्याशी तेव्हा बाग होती. लोकलनं लोणावळ्याला उतरायचं आणि पिशव्या सांभाळत चालायचं. पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, पेरू. समोर सुमारे 26 मीटर उंचीची भिंत, तिच्या पायाशी हिरवळ, फुलांचे ताटवे, आणि तळं मात्र भिंतीपल्याड, आपल्या डोक्यापेक्षा उंच! पाण्याच्या खाली बसून जेवतोय याची आम्हा पोरांना भारी गंमत. आजीला मुळीच नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती पुण्यात नदीकाठी राहत होती. त्यामुळे तिची सतरंजी कायम फाटकाजवळ. चपलासुद्धा हाताशी.

जेवणं झाली की ती भिंतीकडे बघून म्हणायची, ‘‘आळंदीला जायचं रे हे पाणी.’’

इथं मात्र ती चुकत नव्हती. हे खोरं इंद्रायणीचं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस उताराच्या स्वभावानं पूर्वेला जायचा. देहू, आळंदी, मग भीमेतून पंढरपूर. पण मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. हे स्वप्न जमशेटजी टाटांचं. ते 1904 मध्ये गेले. 8 फेब्रुवारी 1911 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात कोनशिला बसवली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोचली. त्यासाठी पाणी घाटमाथ्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं. तिथून ते पाताळगंगेला मिळून अरबी समुद्राकडे. विठोबाकडे निघालेलं पाणी गिरण्यांच्या चाकरीला लागलं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये, टाटांच्याच दुसऱ्या धरणाविरुद्ध, सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यातलेच. बागेत त्याचा विषय कधी निघाला नाही. सहलीला आलेला माणूस कशाला काढील म्हणा!

आता ही बाग लोकांसाठी बंद आहे. एक्स्प्रेस-वेवरच्या गाड्या वलवणवरून सुसाट निघून जातात. आम्ही तिला आपली बाग म्हणायचो, पण ती कंपनीच्या आवारातली, कंपनीच्या मर्जीची. तिच्यावर आपला हक्क असा कधीच नव्हता, हे फाटक लागल्यावर कळलं. धरण राखायला हवं, कबूल. तरी एक मागणं आहे: वर्षातून एक दिवस, 8 फेब्रुवारीला, ते फाटक उघडावं. सतरंजी आम्ही फाटकाजवळच अंथरू.