दमानं

साताऱ्यात रस्त्यानं जोरात पळणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. पोरगं भरतीची तयारी करतंय, पोलीस नाही तर मिलिटरी, एवढं सगळ्यांना कळतं. कोडं पडतं ते हळू पळणाऱ्याचं. आणि ती हळू पळणारी पन्नाशीला टेकलेली बाई असेल, तर गाडीच थांबते. "मॅडम, काही झालंय का? सोडू का कुठं?" या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात इतक्या भल्या माणसांनी मला गाडीवर बसायचा आग्रह केलाय, की सगळ्यांचं ऐकलं असतं तर रोज कासची फुलं बघून आले असते.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. सप्टेंबरात असते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर पठाराच्या रस्त्यानं थोडं पुढं जाऊन वळायचं आणि आलं त्याच वाटेनं खाली. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे त्या ९७ मीटरांशी मी बरेच दिवस झटत होते. मूळ मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिचं हे अर्ध. तो आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. जेवढं अंतर भरलं तेवढंच पुढं, १९२१ मध्ये, कायमचं ठरलं. म्हणजे मराठ्यांच्या राजधानीत आम्ही शेवटची काही पावलं टाकणार ती इंग्लंडच्या राणीला बसल्या जागेवरून नीट दिसावं म्हणून. शाहू महाराजांना हे कळलं असतं तर आणखी थोडी चौथाई बसवली असती.

शर्यत सप्टेंबरात, म्हणून तयारी भर पावसात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. तिकडचे लोक दिवाळीनंतरच्या गारव्यात सराव करतात, फोटोही बरे येतात. आमच्याकडे आषाढात समर्थ मंदिर ओलांडलं की धुकं. पुढच्या वळणावरून म्हैस येतेय की एसटी, ते आवाजावरून ओळखायचं. बूट वाळत नाहीत. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते फ्रिजच्या मागं ठेवायचे, हे मी आता झोपेतही करते. घरात रद्दी उरलेली नाही.

आम्हाला शिकवतात ते आपशिंगे मिलिटरीचे एक निवृत्त सुभेदार. ज्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, तिथला माणूस आरडाओरडा करून पळवेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, "दमानं घ्या, बाई. पळायचं न्हाई. जायचं." त्यांचा नियम एकच: पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. निम्म्या वाक्यात धाप लागली तर वेग जास्त झाला. हे ऐकायला सोपं आहे. करताना लक्षात येतं की माझं बोलत बोलत पळणं आणि शेजारून दूध घेऊन जाणाऱ्या आजोबांचं चालणं यांत फारसा फरक नाही. कधी कधी आजोबा पुढं जातात.

सुभेदार हे लष्करात शिकले असतील, पण त्यामागचं शास्त्रही तसंच आहे. सराव सुरू केला की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तरतरीत होतात. स्नायूही पाठोपाठ येतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात. त्यामुळे एक दिवस असा उगवतो की छाती म्हणते चल, आणि घोटा अजून तयार नसतो. बहुतेक नवखे याच फटीत पडून लंगडतात. शिवाय अंगात साठवलेली साखर जोरात पळणाऱ्याला दीड-दोन तास पुरते. त्यापुढं चरबीवर चालायचं तर शरीराला ते हळू पळूनच शिकवावं लागतं. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं वाढतं तेही अशा लांब, कंटाळवाण्या पळण्यानं. सगळं शरीर एकमुखानं सांगत असतं, हळू.

अडचण शरीराची नव्हतीच. लाजेची होती. आमच्या शाळेतली पूर्वीची मुलं पहाटे घाटात भरतीसाठी पळतात. वर्गात ज्यांना मी "एवढं साधं जमत नाही?" असं विचारलं, ती आता मला मागं टाकताना अदबीनं "चला बाई, येताय ना!" म्हणतात. त्यांच्यासमोर तरी वेग वाढवावा असं पाय म्हणतात, आणि मागून सुभेदारांची शिट्टी वाजते. वीस-पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मी पोरांना चटपटीतपणा शिकवला. चारचौघांत, ओळखीच्या माणसांदेखत, मुद्दाम मंद असणं मला कुणी शिकवलं नव्हतं. या तयारीतला खरा व्यायाम मला तरी तोच वाटला. मांड्या काय, आज ना उद्या घडतातच.

शेजारच्या वहिनी माझ्याबरोबर असतात. बोलत पळायचं म्हणजे बोलायला विषय हवेत. सुरुवातीला लोणच्याची कैरी, मुलाचं अ‍ॅडमिशन, गॅसवाला असले विषय झाले. ते पोवई नाक्यापर्यंत पुरतात. घाट सुरू झाला की वाक्यं आखूड होतात, आणि आखूड वाक्यांत माणूस फार खोटं बोलू शकत नाही. शिवाय दोघींचीही नजर रस्त्यावर, एकमेकींकडे बघायचं नाही. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो, पण त्यांची मुलगी सासरहून का परत आली ते त्यांनी मला तिसऱ्या वळणावर सांगितलं. मी "हं" म्हटलं. चढावर तेवढंच म्हणता येतं, आणि मला वाटतं तेवढंच म्हणायला हवं होतं. घरी चहा पिताना मी नक्की काहीतरी सल्ला दिला असता.

बुटांवरून आमच्या गटात फार चर्चा चालते. इतक्या किमतीचे बूट पायात घालून घाटातल्या चिखलात जायचं, हे माझ्या जिवावर येतं. अशा वेळी पुण्यातली ती जुनी शर्यत आठवते. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे खेड्यातले शेतकरी पाहिले आणि ते थक्क झाले. त्यांच्या पुढाकारानं १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यांत लांब. चौगुले तीन तासांच्या आत पोचले आणि एकोणिसावे आले. हा एकोणिसावा नंबर मी वर्गात एकदा सांगितला तर मुलांचे चेहरे पडले. पहिल्याचं नाव काय, असं विचारलं त्यांनी. मला आठवलं नाही, आणि चौगुल्यांचं आठवतं याचा त्या दिवशी फार आनंद झाला. आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. पी. टी. उषानंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. आली दहावी. दुष्काळी माणातून निघून जगात दहावं येणं म्हणजे काय, हे समजायला निदान एकदा तरी घाट चढून बघावा.

आणि उतरूनही. माझी सगळी भीती चढाची होती, कारण चढ दिसतो. उतारावर लोक हात सोडून, हसत धावत सुटतात. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार अडवत असतो, आणि स्नायूला इजा होते ती या कामानं. ती लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी, नाही तर तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना कळते. आमच्या शाळेत गणिताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. उलट्या पावलांनी जिना उतरणारी शिक्षिका मुलांनी यंदा प्रथमच पाहिली.

खाण्याचं म्हणाल तर श्रावणानं माझं काम सोपं केलं. गटातली तरुण मंडळी शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ किती खावेत याचे तक्ते करत होती. मी सोमवार-शनिवार साबुदाण्याची खिचडी खात होते. उपवासाइतकं पिष्टमय आपल्याकडे दुसरं काही नाही. लांब पल्ल्याला खजूर, राजगिऱ्याची वडी आणि मीठ-साखरेचं पाणी. शर्यतीच्या दिवशी नवं काही करायचं नाही, नवे मोजेसुद्धा नाहीत, असा सुभेदारांचा हुकूम आहे. शेवटचे दोन आठवडे पळणंही कमी करायला लावलं त्यांनी. इतके दिवस हळू पळा म्हणून ओरडले, आणि आता थोडं पळा म्हणून ओरडतात.

काल नंबराचा कागद आणि चार सेफ्टी पिना मिळाल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद नीट वाचला.

"एवढा मोठा नंबर? इतकी माणसं असतात?"

"हजारांनी असतात, आई."

"मग तू कितवी येशील?"

"मागून मोजलं तर बरी येईन."

त्यांनी जरा विचार केला. "आणि बक्षीस?"

"मेडल देतात. पोचेल त्या सगळ्यांना."

"सगळ्यांना?" हे त्यांना अजिबात पटलं नाही. कागद घडी करून माझ्या हातात दिला. "बरं, जेवायला कितीला येशील ते सांग. भाकरी त्या हिशोबानं टाकते."

"साडेदहा," मी म्हटलं.

"मी साडेअकरा धरते," त्या म्हणाल्या.