गोळ्या, प्रार्थना आणि टिळक

शनिवारी एकलहऱ्याला घरी गेलो होतो. संध्याकाळी टपरीवर शाळेतला मित्र भेटला, ख्रिस्ती आहे. थर्मलच्या चिमण्यांकडे बघत म्हणाला, "अरे, आमच्या पास्टरांनी आईला बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात. म्हणे, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी."

काय बोलावं सुचेना. धर्म त्याचा, आई त्याची. आणि आमच्याकडचे बुवा तरी काय वेगळे? पण काकूंच्या हातचा नाताळचा फराळ खाऊन मी मोठा झालोय!

रात्री रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, ख्रिस्ती झाल्या थेट १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. आणि 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा, पैशांबाबतची बेफिकिरी, सगळं खुशाल लिहिलं. तरी माणूस लहान होत नाही.

मला वाटतं, कसोटी हीच. ज्याला 'नाही पटत' म्हणता येतं आणि ज्याच्या चुका मोठ्याने बोलता येतात, त्याच्या मागे जावं.

रविवारी सकाळी फोन केला. "काकूंना आधी डॉक्टरकडे ने."

"पास्टर रागावतील रे."

"रागावले तर तुला उत्तर मिळालंच की!"

रात्री त्याचा मेसेज आला : 'आईने गोळी घेतली. आधी प्रार्थना केली, मग घेतली.'

असो. उद्या सोमवार!