आतड्याला लागणारा थेंब

कोरमंगल्यातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय पोषणविषयक संशोधनासाठी ओळखले जाते. पोषणाचा सर्वांत बारीक हिशेब कुठे होत असेल, तर आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या नवजात बाळाच्या खाटेपाशी.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे लहान आतडे साधारण दोन ते अडीच मीटर लांब असते. त्यातला मोठा भाग काढावा लागला, तर १९६० च्या दशकापर्यंत बाळ बहुधा उपासमारीनेच दगावत असे. मग फिलाडेल्फियात विल्मोर आणि डड्रिक यांनी जवळजवळ सगळे लहान आतडे गमावलेल्या एका मुलीला केवळ शिरेतून पोषण दिले. तिचे वजन वाढले, डोक्याचा घेरही वाढला. तो वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला.

मात्र शिरेतले अन्न देह पोसते; आतडे नव्हे. आतड्याचे अस्तर अन्नाच्या स्पर्शानेच वाढते. शिवाय शिरेतील नळीतून जंतुसंसर्गाचे भय असते आणि दीर्घकाळ तेच पोषण चालल्यास यकृत दुखावते. म्हणून पोट जरा सावरताच नळीने दुधाचे मोजके थेंब दिले जातात. हिरवी उलटी झाली की थांबायचे, शौच झाले की पुढे जायचे.

हे दूध शक्यतो आईचेच असावे. ते नसेल तेव्हा दुग्धपेढी असते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी उभारली.

दाराबाहेर बसलेल्या आईला वाटीच्या तळाशी जमलेले चमचाभर दूध क्षुल्लक वाटते. आत मात्र तेवढ्याचीच वाट पाहिली जात असते.