पिशवी आहे तिथंच आहे

दसरा-दिवाळी झाली की आमच्या केजच्या रस्त्याने ट्रक-ट्रॅक्टर भरभरून जायला लागतात. वर बायका, पोरं, पत्रे, शेळीसुद्धा! पावसाने दगा दिलेला, मुकादमाची उचल अंगावर. मग नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होऊन सहा महिने ऊसतोडीला.

तिथे पाळी आली, ताप आला तरी सुटका नाही. खाडा झाला की दंड. म्हणून कितीतरी जणींनी ऐन तारुण्यात पिशवी काढून घेतली. आपण हे ओट्यापाशी कुजबुजत बोलायचो, तेवढंच.

२०१९ साली मात्र ते चव्हाट्यावर आलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली! खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं.

तुम्ही म्हणाल, यात आशा कसली? उचल तीच, फडही तोच. खरंच आहे, बाई. पण जिचा हिशेब नवऱ्यासकट अख्ख्या कोयत्यात व्हायचा, तिची एकटीची कुणीतरी मोजदाद केली.

उन्हाळ्यात आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले पिशवी काढा. म्या म्हणलं, आधी मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवते."

अंबाजोगाईला जाऊन आल्या. गोळ्या चालू आहेत.