साक्ष

आम्ही कल्याण-डोंबिवली परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पदवीच्या वर्गाला शिकवण्याचा योग आम्हांला अनेकदा आला. टिपणे तयार होती. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार, बोलण्याच्या लयीतले गद्य, स्वतःकडेही हसून पाहणारा विनोद, वडिलांचे विलक्षण सोवळे, टिळकांचा तऱ्हेवाईकपणा, असे पाच-सहा मुद्दे फळ्यावर आले की तास संपत असे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या हा त्यातला एक ‘प्रसंग’ होता. परीक्षेत त्यावर फार तर टीप येई.

२०१९ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी, जी एरवी तोंड उघडत नसे, उभी राहिली आणि म्हणाली, “सर, त्या ख्रिस्ती झाल्या, पण त्याचा उपयोग काय झाला? जगातलं दुःख होतं तेवढंच राहिलं ना?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, “हा प्रश्न वाङ्मयाचा नाही, श्रद्धेचा आहे.” मुलगी खाली बसली. आमचे उत्तर सुरक्षित होते. ते चुकीचे होते हे कळायला पुढे दीड वर्ष लागले, आणि त्याची किंमत घरातल्या एका माणसाने मोजली.

तत्पूर्वी आमच्या व्यवसायाचा एक दोष कबूल केला पाहिजे. मराठी समीक्षेने ख्रिस्ती लेखकांना जागा दिली, नाही असे नाही. पण ती देताना त्यांची श्रद्धा दाराबाहेर ठेवायला सांगितली. फादर स्टीफन्स आपल्याला हवे असतात, ते त्यांनी मराठी भाषेचे गोडवे गायले म्हणून. ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ज्याच्याविषयी आहे, त्या ख्रिस्ताविषयी वर्गात बोलणे होत नाही. बाबा पदमनजी हवे असतात, ते ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही पहिली मराठी कादंबरी ठरते म्हणून. रेव्हरंड टिळक ‘फुलामुलांचे कवी’ झाले की मग त्यांना रेव्हरंड का म्हणायचे, हे कोणी विचारत नाही. एखाद्याच्या घराच्या दारावरची नक्षी वाखाणावी आणि आत कोण राहते याची चौकशीही करू नये, असा हा पाहुणचार आहे. आम्ही स्वतः तो वर्षानुवर्षे केला.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे थोरले बंधू आजारी पडले. वारकरी घराणे, बंधू माळकरी. मिळाली त्या रुग्णालयात खाट घेतली. आम्हांला आत जाण्याची परवानगी नव्हती. पहिले काही दिवस ते फोनवर बोलत, मग नुसते ऐकत, मग तेही थांबले. अकराव्या दिवशी पहाटे अनोळखी आवाजात फोन आला. “सर, मी सिस्टर बोलतेय. दादा गेले. एकटे नव्हते, मी शेजारीच होते. त्यांची माळ मी टाकू दिली नाही, मनगटाला बांधून ठेवलीय.” त्या दिवसांत अशा किती पहाटा त्यांच्या वाट्याला आल्या असतील! तरीही हा फोन करणे त्यांच्या कामाच्या यादीत नसावे.

लाट ओसरल्यावर आभार मानण्यासाठी आम्ही त्यांना भेटलो. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, नोकरीमुळे कल्याणला स्थायिक झालेल्या. बोलता बोलता आम्ही विचारले, “त्या वेळी तुम्ही प्रार्थना केलीत का?” त्या म्हणाल्या, “केली, पण मनात. ते त्यांच्या विठोबाशी बोलत होते. मध्ये कशाला पडायचं?” थोड्या वेळाने आपण होऊनच म्हणाल्या, “आमच्यात साक्ष द्यायला सांगतात, सर. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. मला बोलायला जमत नाही. मी नुसती उभी राहते.”

‘साक्ष’ हा शब्द आम्हांला कोर्टातला म्हणून ठाऊक होता. मराठी ख्रिस्ती समाजात तो रोजच्या वापरातला आहे, हे माहीत असूनही त्याचे वजन आम्हांला त्या दिवसापर्यंत जाणवले नव्हते. युरोपीय भाषांत हुतात्म्यासाठी जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थही ‘साक्षीदार’ असाच आहे. आपला ‘हुतात्मा’ यज्ञातून आला. त्याच्या मुळाशी आहुती आहे. ग्रीक शब्दाच्या मुळाशी पाहणे आणि पाहिलेले सांगणे आहे. या फरकाचा माग काढताना आम्ही लांब कुठे न जाता ठाण्यालाच पोचलो.

आपला हा परिसर ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात फार जुना आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कॅलियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि हे स्थळ म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधीची ही गोष्ट. ठाण्याची गोष्ट त्यानंतरची, १३२१ सालची. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या बंदरात उतरले आणि येथील एका ख्रिस्ती कुटुंबात राहिले. गावात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे काही वर्षांनी येथे येऊन गेलेला त्यांचा पंथबंधू ओदोरिक सांगतो. यजमान नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला बेदम मारले. ती काजीकडे गेली. पुरावा काय, असे विचारल्यावर तिने सांगितले की घरात चार परदेशी साधू आहेत, त्यांनी पाहिले आहे.

साधूंना बोलावले गेले ते मार खाल्लेल्या एका बाईचे साक्षीदार म्हणून. चौकशी मात्र लवकरच भलतीकडे वळली. तुमचा धर्म खरा की आमचा, आमच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय, असे प्रश्न सुरू झाले. साधूंनी उत्तरे दिली, वाद चढला आणि शेवटी तिघांना व पाठोपाठ, घर राखायला मागे राहिलेल्या चौथ्यालाही ठार करण्यात आले. ओदोरिकने पुढे त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. ही हकिकत एका बाजूने सांगितलेली आहे, तिच्यात चमत्कारही पुष्कळ आहेत. ते सोडून दिले तरी एक गोष्ट उरते. ती बाई हकिकतीतून नाहीशी होते. तिचे नावही आपल्याला कळत नाही. चार पुरुषांनी आपल्या श्रद्धेची साक्ष दिली आणि तिचे मोल प्राणांनी चुकवले, यात शंका नाही. पण ज्या साक्षीसाठी त्यांना बोलावले होते, ती कोणी ऐकलीच नाही.

मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तेथून हाकेच्या अंतरावर कौपिनेश्वराचे मंदिर. संध्याकाळी तलावपाळीवर गर्दीत बसून आम्ही त्या बाईचा विचार करत राहिलो. आम्हांला वाटले, श्रद्धेपुढे नेहमीच या दोन साक्षी उभ्या असतात. एक दुसऱ्याच्या जखमेची, दुसरी आपल्या देवाची. दुसरीने पहिलीला बाजूला ढकलले की धर्माचा वादविवाद होतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पहिलीतून दुसरी निघाली, तर मात्र तिला वेगळे शब्द लागत नाहीत.

या दृष्टीने पाहिले तेव्हा पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्हांला नव्याने दिसले. शारदासदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ च्या सुमारास पुण्यात उठलेले वादळ आपण वर्गात सविस्तर शिकवतो; तो वादाचा भाग आहे. तरुणपणीच आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आली, केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यासाठी उभे राहिले, ही साक्षीची बाजू आहे. भूक म्हणजे काय हे तिने पाहिले होते, म्हणून भुकेल्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार तिला होता. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणण्याचे अवाढव्य काम तिने १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले, तेही या मुलींच्या गराड्यात.

आणि लक्ष्मीबाई? टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे वियोगाची आणि अपमानाची. परत एकत्र आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. त्यांच्या मनातून आधी जात गेली आणि ख्रिस्त नंतर आला. हा क्रम आम्ही कधी नीट शिकवलाच नाही. माणसामाणसांतली विटाळाची भिंत माणसांनीच घातली आहे हे त्यांना प्रथम दिसले. ज्याच्या नावाने ती ओलांडावी असा कोणी आहे, हे त्या पुढे म्हणाल्या. पहिली साक्ष आधी, दुसरी नंतर. मग टिळकांचे घर पोरक्या मुलांनी भरत गेले. ज्याला आम्ही ‘प्रसन्न विनोद’ म्हणत आलो, तो बहुधा अशा भरल्या घरात उभे राहण्याचे बळ होता.

येथे दोन आक्षेप घेतले जातील आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला इतिहासाचा. पोर्तुगीज अमलाखाली साष्टी-वसईत देवळे पाडली गेली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालले. जातीची उतरंड चर्चच्या बाकांपर्यंत पोचली, आणि दलित ख्रिस्ती लेखकांनी तिची साक्ष दिली आहे. हे खोडून काढण्याची आमची इच्छा नाही. त्या सर्व ठिकाणी देवाच्या साक्षीने जखमी माणसाची साक्ष दडपली, एवढेच आम्ही म्हणू. दुसरा आक्षेप हेतूचा आहे: सेवा हे आमिष असते. असूही शकते. पण पहाटे तीन वाजता, कोणी पाहत नसताना, मरणाऱ्या माणसाची तुळशीची माळ त्याच्याच मनगटाला बांधणाऱ्या हाताला कोणता हेतू चिकटवावा, हे आम्हांला सांगता येत नाही.

हा संशय किती खोल आहे, ते आपण साहित्याच्या अंगणातही पाहिले. डोंबिवलीत २०१७ साली ९०वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा आमचे विद्यार्थी उत्साहाने राबले होते. त्यानंतर तीन वर्षांनी उस्मानाबादच्या ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे गेले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत एवढ्या कारणावरूनही विरोधाचे सूर उमटले. ज्या माणसाने ‘सुवार्ता’ मासिक सर्वधर्मीय वाचकांसाठी खुले केले, वसई ठाणे जिल्ह्यात होती त्या काळात ‘हरित वसई’च्या चळवळीत दहशतीला न घाबरता तिथल्या जमिनीची आणि पाण्याची बाजू घेतली, त्याच्यासाठी आम्ही वर्गात एक शब्द बोललो नव्हतो. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा त्या मौनाची आम्हांला लाज वाटली. ती बाजू घेणे हीसुद्धा साक्षच होती.

श्रद्धा दुःखाचे कारण सांगते का? आमच्या बंधूंचे जाणे आम्हांला आजही कळलेले नाही, आणि ते कळावे असा प्रयत्न त्या सिस्टरांनी केला नाही. ख्रिस्ती कथेच्या गाभ्याशीसुद्धा उत्तर नाही. क्रूसावरचा माणूस, देवाने आपल्याला का टाकले, असे विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. जवळ काही स्त्रिया आहेत. त्या खिळे काढू शकत नाहीत, शिपायांना अडवू शकत नाहीत. त्या उभ्या राहतात. नंतर जे काही सांगितले गेले, ते त्यांच्या उभे राहण्यापासून सुरू झाले.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानत. आम्ही त्या वाटेने पलीकडे गेलो नाही. घरात आजही एकादशी असते. पण ज्याच्या नावाने ती असते, त्याचे सगळे माहात्म्य पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडू नये म्हणून विटेवर उभे राहण्यात आहे, याची आठवण आम्हांला एका ख्रिस्ती परिचारिकेने न बोलता करून दिली.

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत शिकवते. मागच्या वर्षी कल्याण स्थानकाच्या पुलावर अचानक भेटली. आम्ही तिला म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे.” तिला प्रश्न आठवत नव्हता. आम्ही तो सांगितला. पुलावरची गर्दी आम्हां दोघांना ढकलत होती, तिची लोकल येण्याची घोषणा झाली होती. तिने ती गाडी सोडली आणि म्हणाली, “सांगा सर, मी उभी आहे.”