सरसाचा सांधा

दिवाळीच्या तोंडावर घरातले जुनेपुराणे बाहेर काढावे, अशी आपली रीत आहे. माझा व्यवहार उलटा. लोकांनी बाहेर काढलेले मी घरात आणतो. "तुम्हालाही कोणी मोडीत घेतो का, विचारून या एकदा," असे आमची ही म्हणते.

याचे मूळ परसातल्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची पडवी. वडील तिथे सुतारकाम करीत. मी शाळामास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. रंधा काही हातात धरला नाही. ते गेल्यावर २०११ च्या दिवाळीत, साफसफाईच्या भरात, त्यांचे रंधे, पटाशा, गिरमिटे मी भंगारवाल्याला वजनावर घातली. आलेले पैसे मुलाच्या फटाक्यांपुरते झाले.

पुढे २०१८ साली लिहायला निवांत जागा हवी, म्हणून ती पडवी उघडली. पत्रे बदलले, भिंतींना चुना दिला आणि टेबलखुर्चीच्या शोधात पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊ लागलो. मंगळवार पेठेतला तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरे. मास्तरच्या वाट्याला अर्थातच रविवार. तिथे आवडलेल्या वस्तूकडे पाहायचे नसते, शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा असतो. मला ते कधीच साधले नाही. माझ्या डोळ्यांतला लोभ दुकानदाराला आधीच वाचता येई!

अखेर एक सागवानी खुर्ची मिळाली. पाठ वेताची, एक पाय डुगडुगता. घरी आणून खिळा ठोकणार, तोच वडिलांच्या हाताखाली राबलेले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी हातोडी काढून घेतली.

"खिळा नको, मास्तर. सरसाचा सांधा आहे. उघडतो."

गरम पाण्यात पिळलेले फडके त्यांनी सांध्याला गुंडाळले, पुन्हा पुन्हा बदलले. बऱ्याच वेळाने पाय अलगद सुटून आला. लाकडाचा टवकाही उडाला नाही. जुना सरस खरवडून, नवा ऊन ऊन लावून त्यांनी सांधा दोरीने आवळला.

"हल्लीचा गोंद धरला की लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही. तुमचे वडील म्हणत, काम असे करावे की उद्या दुसऱ्याला दुरुस्त करता यावे." मग सहज म्हणाले, "त्यांचा रंधा द्या, पायाचा तळ सारखा करू."

मी खरे ते सांगितले. भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे ते पाहत राहिले. बोलले काहीच नाहीत.

पुढच्या रविवारी मात्र ते आपण होऊन माझ्याबरोबर बाजारात आले. चार रंधे उचलले, उन्हात धरून तळ पाहिले, पात्यावरून अंगठा फिरवला. "त्यांचा नव्हे," पाचवा माझ्या हातात देत म्हणाले, "पण कामाचा आहे."

सगळ्या हत्यारांचे मिळून मला जेवढे आले होते, त्याहून अधिक त्या एका रंध्याला मोजले. त्या दिवशी मी घासाघीस केली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर माझे पेन आणि तो रंधा शेजारी शेजारी मांडून दोघांना झेंडूचे फूल वाहिले. बाकीच्या खुंट्या रिकाम्याच आहेत. हे लिहितो आहे ते त्याच खुर्चीवर बसून. ती आता डुगडुगत नाही.