चीक

कोकणात फणस फोडायला बसलेल्या बाईला कुणी रसायनशास्त्र शिकवलेलं नसतं. ती आधी विळीच्या पात्याला खोबरेल लावते, मग स्वतःच्या हातांना. तरी चीक लागलाच तर हात पाण्याखाली धरत नाही, पुन्हा तेलच घेते. रत्नागिरीत टीव्ही, रेडिओ आणि आता मोबाइल दुरुस्त करत मला तीस वर्षं झाली. स्टिकरचा गोंद काढायचं निम्मं शास्त्र मला आईच्या अशाच तेलकट हातांत सापडलं.

दसरा ते दिवाळी हा माझ्या दुकानात बिघडलेल्या पडद्यांचा मोसम. घराची साफसफाई निघते, नातवाने टीव्हीवर चिकटवलेलं फुलपाखरू नखाने निघतं, पण त्याचा चिकट ठसा मागे राहतो. मग घरात जी बाटली हाताला लागेल ती उघडली जाते. येणारं प्रत्येक माणूस विचारतं, ‘‘हा गोंद कशाने निघेल?’’ मी उलट विचारतो, ‘‘गोंद बसलाय कशावर?’’ माझ्या मते या कामात खरा प्रश्न हाच आहे. गोंद काढणारं काही ना काही मिळतंच. खालचं काय टिकेल, ते आधी ठरवावं लागतं.

खळ किंवा डिंक सुकून घट्ट होतो आणि मग धरतो. स्टिकरचा गोंद मात्र सुकण्यासाठी बनवलेलाच नसतो. दाबला की तो बारीक खाचाखोचांत शिरतो, ओढला की तारेसारखा ताणत धरून राहतो. अमेरिकेत थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली मास्किंग टेप काढली आणि १९३० मध्ये पारदर्शक सेलोफेनची टेप. अशा टेपच्या गोंदात रबर आणि राळ असे. रबर म्हणजे पुन्हा झाडाचा चीकच. आता बऱ्याच लेबलांना अ‍ॅक्रिलिक गोंद असतो, पण तोही पाण्याला सहसा दाद देत नाही. जुना रबरी गोंद आधी मऊ होऊन कडेने पाझरतो, त्यावर धूळ बसते, आणि काही वर्षांनी तो पिवळा पडून पापुद्र्यासारखा कडक होतो. ताज्या आणि जुन्या गोंदाला एकच औषध चालत नाही.

शिकाऊ असताना मी एका टीव्हीच्या प्लास्टिक कॅबिनेटवरचं लेबल थिनरच्या बोळ्याने पुसलं. गोंद क्षणात गेला. तिथे पांढरट, खरखरीत डाग उठला आणि मऊ झालेल्या प्लास्टिकवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. सेटचे मालक काही बोलले नाहीत, नुसते त्या ठशाकडे बघत राहिले. थिनर काय, अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर काय, गोंद विरघळवतात तसंच एबीएस, पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिकही खातात. थर्माकोलवर संत्र्याचं साल पिळून पाहा, जिथे तुषार पडतो तिथे खड्डे पडतात. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. जुन्या रेडिओच्या डायलची पारदर्शक खिडकी कित्येकदा त्याच जातीची असते. त्यामुळे गोंद काढायच्या बाटलीवर संत्र्याचं चित्र आहे म्हणून ते सौम्य, असं समजू नये.

टीव्हीच्या पडद्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. एलसीडी आणि एलईडी टीव्हीचा समोरचा भाग बहुधा काच नसतोच; काचेवर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ पोलरायझर फिल्म असते. काच पुसायचा फवारा तिच्यावर मारला की ओघळ खाली उतरतो आणि खालच्या पट्टीच्या फटीतून आत शिरतो. बऱ्याच पॅनेलमध्ये तिथेच काचेच्या कडेला केसासारख्या बारीक तारांच्या लवचीक पट्ट्या जोडलेल्या असतात. त्या ओल्या झाल्या की पडद्यावर उभ्या रेघा येतात, नाहीतर अर्धा पडदा काळा पडतो. पॅनेल बदलायचा खर्च सांगताना मला समोरच्या माणसाकडे बघवत नाही; कित्येकदा तेवढ्यात नवा टीव्ही येतो. चार थेंबांनी हे होतं. म्हणून पडद्यावर कधीही थेट काही मारू नका. टीव्ही बंद करा, थंड होऊ द्या, मऊ मायक्रोफायबरचं फडकं पाण्याने ओलसर करून घट्ट पिळा आणि चिकट जागेवर नुसतं ठेवा. थोड्या वेळाने न दाबता, कडेकडून मधे पुसत या. दाब फिल्मवरच थांबत नाही, मागच्या द्रवस्फटिकांपर्यंत पोचतो.

मोबाइलचं गणित वेगळं. वर खरी काच असते, पण तिच्यावर बोटांचं तेल न धरणारा फार पातळ लेप असतो. आयफोनमध्ये तो २००९ च्या थ्रीजीएसपासून आला. टूथपेस्ट, खायचा सोडा असलं घासणारं काही लावलं की गोंदाबरोबर लेपही जातो. मी आधी काट्याने काटा काढतो. सेलोटेपचा तुकडा त्या चिकट्यावर दाबायचा आणि झटकन उचलायचा. ताजा गोंद आपल्या जातभाईला धरून वर येतो. उरलेला अंगठ्याने एकाच दिशेला हळूहळू चोळला की त्याच्या शेवया वळतात. तरीही राहिला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आम्ही त्याला आयपीए म्हणतो, तेही फडक्यावर घेऊन, आणि फोन बंद ठेवून. खोबरेल प्लास्टिकच्या मागच्या कव्हरला चालेल, मात्र कव्हर फोनपासून काढून. पाच मिनिटं ठेवून साबणाच्या पाण्याने धुवायचं. स्पीकरच्या जाळीजवळ तेल नको. ते आत झिरपलं की आवाज बसतो.

आमच्याकडच्या दमट हवेत आणखी एक प्रकार दिसतो. हाताला रबरासारखा मऊ लागणारा कॅमेरा, दुर्बीण किंवा माउस कपाटात ठेवलेला असतो. पावसाळ्यानंतर काढावा तर गुळासारखा चिकट. लोक म्हणतात, कशाचा तरी गोंद लागला. तो गोंद नसतो. वस्तूवरचा पॉलियुरेथेनचा मऊ लेपच ओलाव्याने विघटित झालेला असतो. तो पुसून बरा होत नाही, आयपीएने सगळाच उतरवावा लागतो. खालून गुळगुळीत प्लास्टिक निघतं आणि छापील अक्षरंही सोबत जाऊ शकतात. हे मी आधी सांगतो, मगच हात घालतो.

मागच्या वर्षी एक आजी ट्रान्झिस्टर घेऊन आल्या. डायलच्या खिडकीवर कागदाची पट्टी, तिच्यावर सेलोटेप. टेप तपकिरी झाली होती, पाझरलेल्या गोंदाने अर्धी खिडकी झाकली होती, काटा दिसत नव्हता. पट्टीवर बॉलपेनने खुणा करून लिहिलं होतं : रत्नागिरी, मुंबई ब, पुणे. ‘‘खिडकी स्वच्छ हवीय,’’ आजी म्हणाल्या, ‘‘पण अक्षर यांचं आहे. ते जाऊ देऊ नका.’’

बॉलपेनची शाई अल्कोहोलने पसरते, म्हणजे आयपीए बाद. तेल कागदात मुरून डाग पाडेल, म्हणजे पट्टी निघेपर्यंत तेलही बाद. खिडकी बोटाने वाजवली, टणटणीत आवाज आला, पॉलिस्टायरीन असावं. मी केस वाळवायचं यंत्र वीतभर लांब धरून थोडी थोडी ऊब देत गेलो आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने टेप एका कोपऱ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी उचलत गेलो. एक बाजू निघायला दुपार गेली. ‘पुणे’मधल्या उकाराची शेपटी टेपबरोबर येऊ लागली, तेव्हा थांबलो, पुन्हा ऊब दिली, मग ती कागदावर राहिली. पट्टी सुटल्यावर खिडकीवरच्या गोंदाला खोबरेल लावलं, काही मिनिटांत साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, पुन्हा लावलं. असं चार वेळा.

पट्टी परत खिडकीवर लावायची नव्हती. चामड्याच्या कव्हरच्या आतल्या बाजूला ती आजींनी स्वतः धरली आणि मी गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवली. कधी काढायची झाली तर ओल्या कापसाने निघेल.